धावताना बोटं बधिर होतात? नंबर मोठा घेण्याआधी रुंदी आणि लेस तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, आठवड्यातून चार दिवस धावणं, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला उजव्या पायाच्या मधल्या बोटांना मुंग्या येतात आणि मग ती बधिर होतात. थांबून बूट सैल केला की दोन-तीन मिनिटांत पाय पूर्ववत. डाव्या पायाला काहीच नाही. शुगर नॉर्मल. दुकानदाराने सांगितलं म्हणून एक नंबर मोठे बूट घेतले, तर त्रास उलट आधीच, तिसऱ्या किलोमीटरला सुरू होऊ लागला. आता रक्ताभिसरणासाठी डॉपलर (रक्तवाहिन्यांतला प्रवाह बघणारी सोनोग्राफी) करावी का, आणि तोवर सराव थांबवावा का?

यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे ‘बूट सैल केला की दोन-तीन मिनिटांत पूर्ववत’. पाय बधिर झाला की लोक म्हणतात रक्त अडलं. धावणाऱ्या, न धूम्रपान करणाऱ्या माणसात रक्तवाहिनी अडण्याची शक्यता फार कमी. बहुतेक वेळा दबते ती नस. मांडी घालून बराच वेळ बसलं की पाय झोपतो, तोच प्रकार. नसेवर बाहेरून दाब आला की तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मिटतात, संदेश मंदावतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा. दाब गेला की उलट क्रमाने सगळं परत येतं. त्यामुळे शोधायचं एवढंच, की दाब नक्की कुठे येतोय.

त्यासाठी मी तीन गोष्टी विचारतो: कुठे, किती वेळाने आणि जायला किती वेळ. कुठल्या बोटांना, वरच्या बाजूला की तळव्याला? धावायला लागल्यापासून कितव्या मिनिटाला? थांबल्यावर किती मिनिटांत उतरतं, आणि उतरण्यासाठी बूट सैल करावा लागतो की नुसतं थांबलं तरी चालतं? चार-पाच धावांची अशी नोंद वहीत असली तर तपासणीचं निम्मं काम झालेलं असतं. किलोमीटरपेक्षा मिनिटं लिहा, कारण वेग बदलला की किलोमीटरचा हिशोब बिघडतो.

आता मोठ्या नंबरच्या बुटांनी त्रास का वाढला ते बघू. नंबर वाढवला की मुख्यतः लांबी वाढते. चवड्याच्या जागी बूट अगदी थोडाच रुंद होतो. तुमच्या पायाला अडचण रुंदीची असेल तर लांबी वाढवून ती सुटत नाही. शिवाय बूट लांब झाल्यामुळे पाय आत पुढे-मागे सरकतो. सरकू नये म्हणून आपण दोन गोष्टी नकळत करतो: लेस आणखी आवळतो आणि बोटांनी तळ धरून ठेवतो. आवळलेली लेस पायाच्या वरच्या बाजूच्या नसा दाबते, आकसलेली बोटं चवड्यातल्या. एक पायच बधिर होण्याचंही आश्चर्य नको. दोन्ही पाय बहुतेकांचे सारखे नसतात, एक थोडा रुंद किंवा लांब असतो. आणि लेस बांधतानाही हात एका बुटाला जास्त ओढतो.

चौथ्या किलोमीटरपर्यंत काहीच का होत नाही, याचं उत्तरही यातच आहे. धावताना पाऊल गरम होतं, सुजतं, पसरतं. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात एकेका पायावर २४०० वेळा. घरून निघताना जो बूट ‘मस्त फिट’ वाटतो, तो तिसाव्या मिनिटाला अर्धा नंबर लहान झालेला असतो. दुकानात सकाळी, थंड पायाने, बसून घातलेल्या बुटाचा अंदाज म्हणूनच चुकतो.

रुंदी तपासायची सोपी रीत अशी. संध्याकाळी, शक्यतो धावून आल्यावर, बुटातला इनसोल (तळाची सुटी गादी) बाहेर काढा. तो जमिनीवर ठेवून त्यावर अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. टाच इनसोलच्या मागच्या कडेला नीट बसली पाहिजे. आता कोणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. चवड्याची किंवा करंगळीची कड इनसोलच्या बाहेर येत असेल, तर तेवढं मांस बुटाच्या आत दोन्ही बाजूंनी दाबलं जातंय. लांबीसाठी सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणजे साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. लांब बोट प्रत्येकाचं अंगठाच असतं असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं. उजव्या-डाव्या दोन्ही पायांनी हे करा आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्या.

इनसोलवर पाय मावत नसेल तर मूळचाच नंबर, पण रुंद मापात मागा. धावण्याच्या बुटांवर रुंदी अक्षरांत लिहिलेली असते: पुरुषांमध्ये ‘डी’ प्रमाणित, ‘टू-ई’ रुंद, ‘फोर-ई’ त्याहून रुंद, बायकांमध्ये ‘बी’ प्रमाणित आणि ‘डी’ रुंद. दुकानात समोर मांडलेले जोड बहुधा प्रमाणित रुंदीचेच असतात, त्यामुळे रुंद माप विचारून मागवावं लागतं. बायकांच्या रुंद मापाचा जोड मिळत नसेल तर पुरुषांच्या बुटात योग्य लांबीचा जोड बघायला काहीच हरकत नाही.

पण नवे बूट घेण्याआधी एक आठवडा फक्त लेसवर घालवा, कारण त्याला पैसा लागत नाही आणि बऱ्याच लोकांचं काम तिथेच होतं. पायाच्या वरच्या बाजूला नसा हाडावर जवळजवळ कातडीखालीच असतात, मध्ये चरबीची गादी नाही. धाव संपताच बूट-मोजा काढा आणि पायाच्या वरच्या भागावर लेसचे किंवा बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) कडेचे लाल वळ उमटलेत का पाहा. त्या वळांवर बोटाने हलकं टिचकीसारखं ठोका. मुंग्या बोटांपर्यंत धावल्या तर दाबाची जागा सापडली.

वळ पायाच्या सगळ्यात उंच भागावर असेल तर तिथे खिडकी ठेवून लेस ओवायची. बोटांकडून मोजत भोकांच्या दुसऱ्या जोडीपर्यंत लेस उलगडा. आता तिथून पुढे फुली न मारता दोन्ही टोकं आपापल्या बाजूनेच सरळ वर नेऊन तिसऱ्या जोडीतून ओवा, आणि तिथून पुढे नेहमीसारखी फुली. वळ जिथे असेल त्यानुसार ही सरळ उडी एक जोडी वर किंवा खाली घ्या. वळ पुढे, चवड्यावरच असेल, तर बोटांजवळची पहिली जोडी पूर्ण सोडून द्या आणि दुसऱ्या जोडीपासून लेस सुरू करा. बुटाचा पुढचा भाग त्यामुळे लगेच मोकळा पसरतो.

मध्ये सैल ठेवलं की टाच उचलली जाईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी घोट्याजवळचं ते सर्वांत वरचं, बहुतेक लोक रिकामं ठेवतात ते भोक वापरा. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास तयार करा, दोन्ही बाजूंना. मग उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं उजव्या फासातून घ्या, दोन्ही टोकं टाचेच्या दिशेने खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच इथे धरली जाते, त्यामुळे मधली लेस आवळायची गरजच उरत नाही. बांधून झाल्यावर गाठीखाली एक बोट सहज सरकायला हवं. सरकत नसेल तर सोडून पुन्हा बांधा. चालायला सुरुवात केल्यावर थोडं सैल वाटेल, ते तसंच राहू द्या. पंधराव्या मिनिटाला पाय ती जागा भरून काढतो.

मोज्यांचं फार लांबवत नाही. जाड सुती मोजा घाम पिऊन फुगतो आणि बुटातली जागा खातो. पातळ, सिंथेटिक, बोटांवर शिवण न येणारा मोजा वापरा आणि बूट त्याच मोज्यावर घालून बघा.

लेस आणि रुंदी दोन्ही नीट करूनही तिसरं-चौथं बोटच बधिर होत असेल, तर चवड्यातल्या नसेकडे बघावं लागतं. पावलाच्या लांब हाडांची टोकं एका आडव्या पट्ट्याने बांधलेली असतात आणि बोटांकडे जाणारी नस त्या पट्ट्याच्या खालून जाते. प्रत्येक पाऊल उचलताना बोटं वर वाकतात आणि नस पट्ट्याच्या कडेवर ताणली जाते. त्यात बूट दोन्ही बाजूंनी आवळत असेल तर नस मधल्या मध्ये चिरडते आणि कालांतराने जाड होते. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. खूण ठरलेली आहे: तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये, चवड्याखाली खडा आल्यासारखं किंवा मोजा गोळा झाल्यासारखं वाटतं; बूट काढून बघावं तर काही नसतं. चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत दाबला की तीच कळ किंवा मुंग्या येतात. इथे धावण्याच्या एका तासापेक्षा ऑफिसातल्या निमुळत्या बुटांचे दहा तास जास्त नुकसान करतात, हे लक्षात ठेवा.

त्यावर पहिला उपाय म्हणजे चवड्याची गादी, पाच-सहा मिलिमीटर जाडीची फेल्टची किंवा सिलिकॉनची. ती कामाला येते की त्रास वाढवते हे पूर्णपणे जागेवर ठरतं, आणि ती बरेचदा चुकून फार पुढे चिकटवली जाते. दुखऱ्या जागेवर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा, बूट घालून उभे राहा, पाय बाहेर काढा. इनसोलवर ठिपका उमटेल. गादी त्या ठिपक्यावर लावायची नाही; तिची पुढची कड ठिपक्याच्या मागे, टाचेच्या बाजूला आली पाहिजे. मागून हाडं थोडी उचलली गेली की ती एकमेकांपासून विलग होतात आणि नसेला जागा मिळते. ठिपक्यावरच गादी लावली तर नसेखाली आणखी एक खडा ठेवल्यासारखं होतं. पहिले दोन-तीन दिवस नुसतं चालून बघा, मग धावा.

यानंतर धावण्याची ढब. लांब टांग टाकणारा माणूस पाऊल शरीराच्या बराच पुढे आपटतो, आणि पुढचा पंजा वर धरून ठेवण्यासाठी नडगीचा स्नायू सतत ताठ राहतो. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. ३८ आले तर मिनिटाला १५२ पावलं. हे पाच टक्क्यांनी, म्हणजे १६०पर्यंत न्या, वेग तोच ठेवून. मेट्रोनोम ॲप (ठरलेल्या तालावर टिकटिक करणारं) लावून आधी एक मिनिट नव्या तालावर, दोन मिनिटं नेहमीच्या, असं तीन-चार आठवडे करा. सगळ्यांनी १८० गाठलंच पाहिजे हा नियम नाही. उंची आणि वेगाप्रमाणे आकडा बदलतो. धावता धावता मध्येच एकदा बोटांकडे लक्ष द्या. ती बुटाच्या आत आकसलेली सापडली तर सैल सोडा.

पोटरी आखडलेली असेल तर टाच लवकर उचलली जाते आणि भार चवड्यावर जास्त वेळ राहतो. भिंतीसमोर उभे राहा, अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? लागत नसेल तर रोज पोटरीचा ताण द्या, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, ३०-३० सेकंद, तीन वेळा.

इथवरचं बूट आणि पायापुरतं झालं. काही बधिरपणाचं मूळ मात्र वर असतं, आणि तिथे बूट कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

नडगीचा एक प्रकार नीट ओळखायला हवा. गुडघ्याखालचे स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. धावताना स्नायू फुगतो. काहींचं आवरण पुरेसं सैल होत नाही आणि कप्प्यातला दाब वाढून आतली नस दबते. यात त्रास जवळपास ठरलेल्या मिनिटाला येतो, नडगीच्या बाहेरच्या बाजूला दगडासारखा ताठरपणा आणि दुखणं असतं, आणि अंगठा व दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात बधिरता येते. कधी पाऊल जमिनीवर थापकन पडू लागतं. बूट सैल करून फरक पडत नाही. थांबल्यावर दहा ते तीस मिनिटांत हळूहळू उतरतं. याचं निदान धावण्याआधी आणि धावल्यावर कप्प्यातला दाब सुईने मोजून होतं. टांग छोटी केल्याने काहींना बराच आराम पडतो, नाहीतर शस्त्रक्रियेने आवरण मोकळं करतात. थांबल्यावरही दुखणं वाढतच राहिलं, नडगी ताठ झाली आणि पाऊल वर उचलता येईना, तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. तिथे तासांचा हिशोब असतो.

मुंग्या फक्त तळव्याला असतील आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे ठोकल्यावर त्या तळव्यात पसरत असतील, तर नस तिथे अडकते आहे. बधिरपणा कंबरेतून, मांडीच्या मागून किंवा पोटरीच्या बाजूने उतरत असेल, खोकताना-शिंकताना किंवा गाडीत बराच वेळ बसल्यावर वाढत असेल, तर मणक्यातली गादी तपासायला हवी. लघवी अडणं किंवा बैठकीच्या जागेला बधिरपणा ही मणक्याच्या तातडीच्या आजाराची खूण आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दोन्ही पाय सारखेच, बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन वर चढणारे, आणि रात्री अंथरुणातही जळजळ, असं असेल तर धावण्याचा दोष नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी-१२ आणि थायरॉइड या तिन्ही तपासण्या करा. शुद्ध शाकाहारी, ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असणारे, यांच्यात बी-१२ कमी सापडण्याचं प्रमाण चांगलंच असतं. मधुमेह असणाऱ्या धावपटूंनी रोज धावल्यावर तळवे आरशात बघावेत आणि बूट घालण्याआधी हात घालून आत खडा नाही ना हे तपासावं. बधिर पायाला फोड कळत नाही, आणि न कळलेल्या फोडाची जखम होते. बोटं पांढरी-निळी पडून मग लाल होत असतील, तर तो थंडीने वाहिन्या आकसण्याचा प्रकार आहे. टोरंटो-शिकागोकडे धावणाऱ्या आपल्या लोकांना हा जास्त भेटतो.

तुमच्या डॉपलरच्या प्रश्नावर येतो. एकच पाय, मधली बोटं, बूट सैल केल्यावर तीन मिनिटांत बरं, नडगीच्या दुखण्याचा उल्लेख नाही: या चित्रात डॉपलर पहिल्या पायरीला बसत नाही. पायाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का हे डॉक्टर हाताने दोन मिनिटांत बघतात. वरची नाडी काही लोकांत जन्मतःच हाताला लागत नाही, त्यामुळे एकट्या तिच्यावरून घाबरू नका. चालताना पोटरी भरून येते, थांबावं लागतं, पाऊल गार असतं, त्यात धूम्रपान, असं असेल तर मात्र डॉपलर करा. नसेची विद्युत तपासणीही आत्ता घाई करून नको. दाब फक्त धावतानाच येत असेल तर आरामात झोपून केलेली ती तपासणी नॉर्मल येऊ शकते आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल.

सराव थांबवू नका, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या आठवड्यात जुन्या, मूळ नंबरच्या बुटात नव्या पद्धतीने लेस; तोच रस्ता, तोच वेग, आणि कितव्या मिनिटाला मुंग्या आल्या ती नोंद. पंचविसाव्या मिनिटाचा त्रास चाळिसाव्या मिनिटावर गेला तरी दिशा बरोबर आहे. दुसऱ्या आठवड्यात मोजे आणि इनसोलवरची रुंदीची तपासणी, गरज असेल तर रुंद जोड. तिसऱ्यापासून पावलांचा ताल. मुंग्या आल्या की थांबा, लेस सोडा, दोन मिनिटं चाला, मग पुढे. बधिर पायाने रेटून धावू नका. पाऊल कसं पडतंय हेच कळत नाही आणि घोटा मुरगळतो. सहा आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा थांबल्यावरही बधिरपणा तासभर टिकू लागला, बोट वर उचलायला जोर कमी पडू लागला, तर हाडांच्या किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना वहीसकट दाखवा.

साताऱ्याच्या मार्गासाठी आणखी एक. यवतेश्वर घाटाची चढण आधी आणि उतार नंतर, आणि दिवस पावसाळ्याचे. चढताना चवड्यावर भार येतो, म्हणून सुरुवातीला पुढची लेस मोकळी असू द्या. वळून उतार लागला की पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकाला आपटतात. तोवर ती ओली आणि सुजलेलीही असतात. एखाद्या लांब धावेत घरच्या जवळच्या उतारावर याची तालीम करा: वर पोहोचल्यावर अर्धं मिनिट थांबायचं, टाच बुटाच्या मागे ठोकून बसवायची, घोट्याजवळचे फास ओढून घ्यायचे आणि पुढची लेस होती तशीच सैल ठेवून उतरायला लागायचं.